बिजूचा गुडघा आणि हरीश-हॅरीचा हिशोब

प्रकरण असंय. न्यूयॉर्कमधलं एक इंडियन रेस्टॉरंट, नाव गांधी कॅफे, मालकाचं नाव हरीश-हॅरी. किचनमध्ये राबणाऱ्या पोरांपैकी एक बिजू. बाप दार्जिलिंगजवळ कलिमपाँगला एका रिटायर्ड जज्जसाहेबांच्या घरी स्वयंपाकी, पोरगा टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेला गेलेला आणि मुदत संपली तरी परत न आलेला. एक दिवस किचनच्या फरशीवर पडलेल्या सडक्या पालकावरून त्याचा पाय सटकतो, गुडघ्यातून कटकन आवाज येतो, उठताच येत नाही. बाकीची पोरं त्याला उचलून भाजीच्या पोत्यांमध्ये टाकलेल्या त्याच्या गादीवर नेऊन ठेवतात. तो मालकाला म्हणतो डॉक्टर बोलवा. मालक बोलवत नाही.

किरण देसाईंच्या 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' मधला हा प्रसंग, २००६ चं बुकर मिळालेली कादंबरी. कादंबरीत बाकी खूप काही आहे, जज्ज आहे, त्याची नात आहे, दार्जिलिंग भागातल्या नेपाळीभाषिकांचं वेगळ्या राज्यासाठीचं गोरखालँडचं आंदोलन आहे, पण आम्ही सोलापूरच्या आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये एवढी दोन-तीन पानंच घेतली आणि कोर्टात केस चालवावी तशी चालवली. आयडिया वकील साहेबांची. त्यांची आयुष्यभराची प्रॅक्टिस कामगारांच्या केसेसची, त्यांना रसग्रहण वगैरे म्हणलं की झोप येते. ते म्हणले आधी घटना, मग पक्षकार, मग कायदा, रडायचं असेल तर शेवटी रडा.

आता हाच प्रसंग का, तर बिनकागदाच्या माणसांबद्दल आपल्याला जे माहीत असतं ते सगळं सीमेवरचं असतं. डंकी म्हणजे चोरवाटेनं जाणं, जंगल, कुंपण, नाहीतर मग थेट विमान. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातकड्या घातलेले फोटो सगळ्यांनी बघितले, त्यात महाराष्ट्रातले पण तिघं होते. म्हणजे जातानाचं दिसतं आणि हाकलतानाचं दिसतं. मधली पाच-दहा-पंधरा वर्षं तो माणूस कुठं झोपला, काय खाल्लं, पगार किती आणि कधी मिळाला, आजारी पडला तर काय केलं, हे बातमीत येत नाही कारण त्यात बातमी काय. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या अभ्यास संस्थेचा अंदाज आहे की २०२२ मध्ये अमेरिकेत बिनकागदाचे १.१ कोटी लोक होते आणि त्यात भारतातले सव्वासात लाखाच्या आसपास, मेक्सिको आणि एल साल्वाडोरनंतर तेव्हा आपलाच नंबर होता. एवढ्या माणसांचं रोजचं जगणं बघायचं तर कादंबरीतच बघावं लागतं.

तर पक्षकार.

हरीश-हॅरी हा राक्षस नाहीये, ही पहिली गोष्ट. गोड बोलतो, पोरांना आपलं मानतो असं दाखवतो, बीफ ठेवत नाही. बिजू त्याच्याकडं आला तेच मुळी या कारणासाठी, आधीच्या ठिकाणी बीफची स्टेक शिजत होती, ती त्याच्या मनाला पटेना म्हणून ती नोकरी सोडून हा गाईचं मांस न शिजवणारं हॉटेल शोधत शोधत इथं आला, धर्माला जागून. आणि हरीश-हॅरी न्यू जर्सीत एडिसनच्या बाहेर गायींचा आसरा आहे त्याला देणगी देतो. हे ग्रुपमधल्या मॅडमनी वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले, मेसवाल्या काकू म्हणल्या गायीला गोठा आणि पोराला कांद्याची पोती, लई भारी माणूसय.

पोरांना राहायला जागा फुकट, म्हणजे रात्री हॉटेल बंद झालं की तिथंच किचनमध्ये नाहीतर टेबलांच्या मधे पथारी टाकायची. न्यूयॉर्कचं भाडं बघता केवढा उपकार! आणि या उपकाराच्या बदल्यात पगार किमान वेतनाच्या चौथाई, टिप मालकाच्या गल्ल्यात, आणि काम दिवसाला पंधरा-सोळा-सतरा तास, कारण माणूस तिथंच झोपतो म्हणल्यावर घरी जायचा प्रश्नच मिटला.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, त्यामुळे मला पुस्तकातलं वर्णन नंतर आठवतं, आकडा आधी दिसतो. हिशोब मांडूनच बघितला. कादंबरीतला काळ १९८६ च्या आसपासचा. तेव्हा अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन होतं तासाला ३.३५ डॉलर, १९८१ पासून तेवढंच होतं. सोळा तासांचे झाले ५३.६०. त्याची चौथाई १३.४०. म्हणजे एका पोराच्या एका दिवसामागं मालक ४०.२० डॉलर ठेवून घेतो. सहा दिवसांचा आठवडा धरला तर २४१ डॉलर. यात ओव्हरटाइम धरलाच नाही, आणि आठवड्याला चाळीस तासांच्या वर गेलं की दीडपट द्यायचं हा नियम तिथल्या १९३८ च्या कायद्यातला आहे, आणि टिपा तर सोडूनच द्या. आता समोर ठेवा डॉक्टरची एक व्हिजिट. कितीही महाग म्हणलं तरी या पोरानं मालकाला जे कमवून दिलंय त्यातूनच ती निघत होती, मालकाच्या खिशातनं काही जात नव्हतं. पण हरीश-हॅरी ओरडतो की या देशात मेडिकलचा खर्च किती आहे माहितीय का, आणि खरी गंमत म्हणजे तो उलट हिशोब लावतो, तू फरशी साफ ठेवली नाहीस म्हणून घसरलास, तूच मला पैसे द्यायला पाहिजेस. फुकट राहतोस, बिनकागदाचा असून ठेवलं, मुलासारखं वागवलं, आणि ही परतफेड?

इथं काकू जरा वेळ गप्प बसल्या. त्यांची कॉलेजच्या पोरांची मेस आहे, भाकऱ्या थापायला दोन बायका आणि वरकामाला दोन पोरं, पोरं गावाकडची, मेसमध्येच झोपतात. मग म्हणल्या, "मुलासारखा म्हणलं की पोराला पगार मागायची लाज वाटती. मला माहितीय म्हणून मी म्हणतच नाही. तू कामाला आहेस, दहा तारखेला पैसे घे, विषय संपला." माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मुद्द्याचं बोलणं हेच होतं.

बिजू गप्प बसत नाही, हे पण नोंदवून ठेवायला पाहिजे. अशा पात्रांबद्दल लिहिताना लेखक लोक त्यांना एकतर मुकं करतात नाहीतर संत करतात, खाली मान घालून सोसणारा, डोळ्यात पाणी, वाचकाला बरं वाटतं. देसाईंचा बिजू पडल्या पडल्या भांडतो. आम्ही असं डुकरासारखं राहतो म्हणूनच तुमचा धंदा चालतो, आमच्याकडं कागद नाहीत आणि आम्ही काही करू शकत नाही हे माहीत असल्यामुळं तुम्ही रात्रंदिवस राबवून घेता, असं तोंडावर सांगतो, आणि ग्रीन कार्डसाठी आम्हाला स्पॉन्सर का करत नाही असं पण विचारतो. म्हणजे आम्ही ग्रुपमध्ये तासभर चर्चा करून जे काढलं ते त्या पोरानं गुडघा धरून दोन मिनिटात सांगून टाकलंय. आणि तरी काहीच होत नाही. मालक भडकतो, तुला स्पॉन्सर केलं तर उद्या दुसरा येईल परवा तिसरा येईल म्हणतो, मग जरा निवळतो, आणि सल्ला देतो की बाबा तू इंडियालाच जा ना, तिथं औषधपाणी स्वस्त पण आहे आणि चांगलं पण आहे, बरा झालास की ये परत. परत कसा येणार, हे दोघांनाही माहीत असतं.

तात्यांनी इथं हात वर केला. तात्या मिलमधून रिटायर झालेले, म्हणजे मिल बंद पडली म्हणून रिटायर झालेले. त्यांचा प्रश्न साधा होता, "अरे तक्रार का करंना त्यो? अमेरिकेत कायदा नाही का काय?"

## कायदा होता

वकील साहेब तयारी करून आले होते. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून निम्मे लोक चाट पडले, मी पण.

किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा जो १९३८ चा कायदा, तो कामगाराकडं कागद आहेत का नाहीत हे बघत नाही, काम केलं ना मग पैसे द्या. कामावर दुखापत झाली तर नुकसानभरपाई, न्यूयॉर्क राज्यात ती पण बिनकागदाच्या कामगाराला मिळते. दवाखान्याचं म्हणाल तर १९८६ मध्येच केंद्राचा कायदा झाला की मेडिकेअर या सरकारी विमा योजनेचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जो येईल त्याला आधी तपासायचं, तब्येत स्थिर करायची, पैशाअभावी हाकलायचं नाही. बिल मागनं येतं हा भाग वेगळा. म्हणजे बिजू लंगडत का होईना जवळच्या इमर्जन्सीत पोचला असता तर गुडघा कुणीतरी बघितलाच असता.

पण त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, दुसरा कायदा झाला. त्यानं एकीकडं १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून सलग राहणाऱ्यांना कागद मिळवायची वाट मोकळी केली, आणि त्या कायद्यातून एकूण जवळजवळ २७ लाख माणसं कायदेशीर झाली. बिजू त्या तारखेत बसणारा वाटत नाही, तो नंतरचा. आणि दुसरीकडं त्याच कायद्यानं देशभरात पहिल्यांदाच बिनकागदाच्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं मालकासाठी बेकायदा ठरवलं. प्रत्येक नोकराचे कागद तपासायचे, फॉर्म भरून ठेवायचा. हेतू चांगला, मालकाला चाप. पण चाप बसला कुणाला? मालक आता म्हणू शकतो की तुला ठेवलं म्हणून माझ्यावर केस होईल, एवढी रिस्क घेतोय मी तुझ्यासाठी, आणि तपासणी येणार म्हणली की तुझं तू बघ. कादंबरीत बिजू आधी ज्या ठिकाणी कामाला असतो तिथं असंच होतं, मॅनेजर वाईट माणूस नाही, तो फक्त सांगतो की ग्रीन कार्डची तपासणी होणारे, मी काही करू शकत नाही, आवाज न करता गायब व्हा. आणि पोरं गायब होतात. त्यांचा शेवटचा पगार कुणी विचारला असेल?

वकील साहेबांनी अजून एक केस सांगितली, ही खरी, कादंबरीतली नाही. कॅलिफोर्नियातल्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात एक कामगार युनियनच्या बाजूनं उभा राहिला म्हणून त्याला काढलं. कामगार बोर्ड म्हणालं काढणं बेकायदा आहे, बुडालेल्या पगाराचे ६७ हजार डॉलरच्या जवळपास पैसे द्या. चौकशीत निघालं की याचे कागद मित्राचे होते. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, हे पैसे मिळणार नाहीत. मालकानं युनियनचा कायदा मोडला हे खरं असूनही. आणि चार वर्षांनी, २००६ मध्ये, न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं बांधकामावर जखमी झालेल्या बिनकागदाच्या कामगारांना बुडालेली कमाई मागता येते असा निकाल दिला. म्हणजे ज्या वर्षी बिजूच्या कादंबरीला बुकर मिळालं त्याच वर्षी तिकडं त्याच्यासारख्याच माणसांच्या बाजूनं निकाल लागला. हे मॅडमना फार आवडलं, मला त्यात विशेष काही वाटलं नाही, योगायोग आहे.

तात्यांचं समाधान झालंच नाही. "मग कायदा हाय म्हणायलाय तुम्ही. मग गेला का नाही पोरगा?"

आणि मला वाटतं कादंबरी लागते ती इथं. कायद्याच्या पुस्तकात हक्क लिहिलेला असतो, पण माणूस त्या खिडकीपर्यंत का पोचत नाही हे कुठल्याच निकालपत्रात नीट लिहिलेलं नसतं, कारण जो पोचला त्याचीच केस होते.

बिजूचं बघा. तक्रारीत पत्ता लिहायचा म्हणलं तर पत्ता काय, गांधी कॅफे. झोपायची जागा, दोन वेळचं जेवण, पगार, ओळख, सगळं एकाच माणसाच्या हातात. नोकरी गेली की त्याच रात्री अंथरूण पण गेलं. तक्रार केली म्हणजे त्याच्याबरोबर राहणारी बाकीची पोरं पण उघडी पडणार, ती त्याला माफ करतील का. आणि त्याला बिचाऱ्याला हे कायदे माहीतच नाहीत, सांगणार कोण, त्याच्या जगात माहिती देणारा माणूस एकच आणि तो म्हणजे मालक, आणि मालकानं सांगितलंय की या देशात डॉक्टर परवडत नाही. पोलिसाची भीती वगैरे नंतरची. कादंबरीत पोलीस त्याच्या मागं लागलेत असं कुठं फारसं नाहीच, तरी तो सतत लपलेला आहे.

## नाव रजिस्टरला नाही

यावर सोलापूरच्या पूर्व भागातला एक पोरगा बोलला, त्याला आम्ही अण्णाच म्हणतो वयानं लहान असून. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले, तिसरी पिढी सोलापुरात, घरी तेलुगू, बाहेर आपलं मराठी. तात्या सांगत होते की मिलमध्ये बोट गेलं तरी दर ठरलेला असायचा, कुठलं बोट, किती पेरं, त्याप्रमाणं टक्का. ते खरंय, १९२३ च्या भरपाईच्या कायद्याला तसं परिशिष्टच होतं. अण्णा म्हणला, "तात्या, तुमचं नाव रजिस्टरला होतं. आमच्याकडं यंत्रमागावर हजेरीला नावच नसेल तर बोट कुणाचं गेलं ओ?"

मग अजून एक पोरगी बोलली, तिची आई बिड्या वळते. ती म्हणली आईनं कितीतरी वर्षं दुसऱ्या बाईच्या कार्डावर बिड्या दिल्या, पान-तंबाखू त्या नावावर यायचं, पीएफ पण त्याच नावावर जायचा, आणि वळलेल्या बिड्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला टाकल्या की त्यांचे पैसे कट, त्या बिड्यांचं पुढं काय होतं ते कुणी विचारायचं नाही. आधार कार्ड आहे, रेशन कार्ड आहे, मतदान आहे, पण कामाच्या कागदावर बाई नाहीच.

हे सगळं ऐकताना चर्चेला एक वळण लागलं की म्हणजे आपल्याकडं पण तेच आहे, सगळीकडं तेच आहे. मला हे वळण आवडत नाही आणि मी तिथंच बोललो. तोटा सारखा असेल, पण त्या बाईला घर आहे, गल्ली आहे, नगरसेवक निवडणुकीला का होईना दारात येतो, युनियन आहे, मोर्चा निघतो. सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगारांची घरांची वसाहत उभी राहिली ती लोकांनी वर्षानुवर्षं लढून, उघड्यावर घोषणा देऊन. बिजू घोषणा देऊ शकत नाही. त्याचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं की तो संपला. हा फरक पुसला की दोन्ही प्रकरणं कच्ची राहतात.

अण्णा म्हणला मग आम्ही काय सुखात आहे का. नाही, तसं मी म्हणलोच नव्हतो, पण तो चिडला तो चिडलाच.

आपलाच माणूस आपल्याला खातो, हा तात्यांचा आवडता सिद्धांत. गांधी कॅफेला तो लागू पडतो. ज्या गोऱ्या मालकांकडं बिजूनं आधी काम केलं तिथं त्याला कुणी मुलासारखा म्हणत नव्हतं, त्यामुळं तिथं उपकाराचं ओझं पण नव्हतं. पण सिद्धांत सगळीकडं चालत नाही. मॅडमनी बेन्यामिनच्या 'आडुजीवितम' मधला प्रसंग सांगितला, मल्याळम कादंबरी, २००८ ची, सौदीच्या वाळवंटात शेळ्यांमागं जनावरासारखा राबवला गेलेला नजीब शेवटी पळून येतो, पकडला जाऊन तुरुंगात बसतो, तिथं मालक लोक आपापले पळालेले नोकर ओळखायला येतात. त्याचा मालक येतो, त्याच्यापाशी थांबतो, आणि निघून जातो, कारण नजीब त्याच्या व्हिसावरचा नव्हताच, विमानतळावरून दुसऱ्याचाच माणूस उचलून नेलेला. त्याच्या व्हिसावरचा असता तर ओढत परत नेला असता. म्हणजे इथं कागदात नाव नव्हतं म्हणून सुटला! हा मालक काही आपला माणूस नाही. तात्या म्हणले अरबाचं वेगळं. बरं.

## बापाला काय सांगितलं

माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात मोठा साक्षीदार न्यूयॉर्कात नाहीच, तो कलिमपाँगला आहे. बिजूचा बाप. तो येईल जाईल त्याला सांगतो की पोरगा अमेरिकेत हॉटेलात मॅनेजर आहे. आणि मग गल्लीतले लोक आपापल्या पोरांसाठी शब्द टाकायला लागतात, बाप बिचारा अभिमानानं बिजूला पत्र लिहितो की याला पण तिकडं लावून दे, त्याला पण बघ. बिजू उत्तरात खरं लिहीत नाही. लिहिणार कसं? बिजूचा एक दोस्त आहे झांझिबारचा सईद सईद, त्याच्याकडं तर गावाकडून निघालेली पोरं त्याच्या आईनं दिलेला नंबर-पत्ता घेऊन थेट येऊनच थडकतात, आणि तो त्यांच्यापासून लपून बसतो. सरकारपासून नाही, गाववाल्यांपासून. हे वाचताना सगळे हसले, मी पण हसलो, लेखिकेनं लिहिलंय पण तसंच हसवत.

मला वाटतं लपण्याचं खरं काम हे घरच्यांसमोर चालू असतं. पत्रात तरी बरं होतं, चार ओळी लिहिल्या की भागलं. आता व्हिडिओ कॉल आहे, मागची भिंत दिसते, म्हणून पोरगं रस्त्यावर येऊन कॉल करतं, मागं उंच बिल्डिंगा येतील असं उभं राहून, आणि इकडं आई शेजारणीला दाखवती बघ की किती भारी जागाय. आखातात गेलेल्या, अजून कुठं कुठं गेलेल्या पोरांच्या घरी सोलापुरात हे बघितलेलं आहे मी. कोण कुठल्या कागदावर गेलं ते विचारायची पद्धत नाही आपल्याकडं, सेटल झालाय म्हणलं की झालं.

आता जे बोलायला आम्ही शेवटपर्यंत टाळत होतो ते. बिजूबद्दल सगळ्यांना वाईट वाटलं, एकजात. मग मॅडमनी विचारलं की आपल्याकडं कुठल्या बांधकामावर एखादा बंगाली बोलणारा मिस्त्री पडला आणि त्याच्या खिशातल्या कागदांवर कुणी शंका घेतली, तर आपण आधी गुडघा बघणार का कागद? खोलीत एकदम तीन-चार जण बोलायला लागले. एक जण म्हणला ते घुसखोर, ते वेगळं. वकील साहेब म्हणले घुसखोर का नाही ते ठरवायला यंत्रणा आहे, २०२५ चा नवीन कायदा पण आलाय परदेशी नागरिकांचा, पण मोडलेलं हाड त्या निकालापर्यंत थांबत नाही. दुसरा म्हणला बंगाली बोलतो म्हणून तो तिकडचाच असं कुठं असतं, पश्चिम बंगाल कुठं गेला मग. आवाज चढले. काकूंनी चहा सांगितला.

कादंबरीत हा प्रश्न आतच पेरलेला आहे, आम्ही दोन-तीन पानंच घेतल्यामुळं निसटत होता एवढंच. बिजू तिकडं न्यूयॉर्कमध्ये परका, आणि त्याच्या बापाच्या गावात पिढ्यान्पिढ्या राहिलेली नेपाळी बोलणारी माणसं म्हणतात आम्हाला आमच्याच देशात परकं धरतात. भारत-नेपाळचा १९५० चा करार नेपाळच्या नागरिकाला इथं राहायला, काम करायला मोकळीक देतो, आणि त्यामुळंच दार्जिलिंगच्या नेपाळीभाषिकांना वाटायचं की आम्ही भारताचे नागरिक असून आम्हालाही नेपाळचेच समजलं जातं, म्हणून १९८६ मध्ये त्या कराराच्या प्रती जाळल्या गेल्या. आपल्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा महिन्याला पैसे मागायला येतो तेव्हा तो नेपाळचा का दार्जिलिंगचा हे कितीजण विचारतात? मी नाही विचारलं कधी.

आणि बिजूचं पुढं काय होतं तर तो मालकाचाच सल्ला ऐकतो. परत येतो. साठवलेल्या पैशातून घरी न्यायला वस्तू घेतो, गल्फ एअरचं विमान लंडन, फ्रँकफर्ट, आखात, कराची असं एसटीसारखं थांबत थांबत त्याला आणतं, आणि कलिमपाँगच्या वाटेवर आंदोलनातलेच लोक त्याला लुटतात, सगळं, अंगावरचे कपडेसुद्धा. तो बायकांच्या गाऊनमध्ये बापाच्या दारात पोचतो. काहींना हा शेवट अती वाटला. मला पण थोडा वाटला, लेखिकेनं त्याला कंगाल करायचंच ठरवलं होतं असं वाटत राहतं. काकू म्हणल्या पोचला ना, मग झालं.

वकील साहेबांना मात्र केस बंद करायची नव्हती. त्यांचं म्हणणं लूट वाटेवर झाली तो भाग वेगळा, गांधी कॅफेकडं येणं बाकी आहेच की. बुडालेल्या वेतनाचा दावा तिथं दोन वर्षांत लावता येतो, मालकानं मुद्दाम बुडवलं असं दाखवता आलं तर तीन वर्षांत. तात्या लगेच म्हणले, "आणि पुरावा? पगारपत्रक हाय का त्याच्याकडं, हजेरी हाय का?" मी पण मनात तेच म्हणत होतो, अकाउंटवाला माणूस, व्हाउचर नाही म्हणजे खर्च नाही. पण नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९४६ चा निकाल आहे, एका मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या केसमधला. कामाच्या तासांची नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची, त्यानं ठेवली नसेल तर कामगारानं प्रामाणिकपणे केलेला अंदाज कोर्ट धरून चालतं आणि तो चुकीचा आहे हे दाखवायचं काम मालकावर येतं. म्हणजे मी जो दिवसाला ४०.२० चा हिशोब कच्च्या कागदावर मांडला होता तसला हिशोब बिजूनं स्वतः मांडून दिला असता तरी ऐकून घेतला गेला असता. तात्यांनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावून बघितला आणि म्हणले ओव्हरटाइम धर की यात. मग धरला. सहा दिवस सोळा तास म्हणजे ९६ तास, त्यातले ५६ चाळीसच्या वरचे, दीडपट दरानं. आठवड्याचं येणं बरोबर ३३५ डॉलर झालं.

पुढच्या वेळी संजीव सहोटांची २०१५ ची 'द इयर ऑफ द रनअवेज' घ्यायचं ठरलंय, शेफिल्डमध्ये दाटीवाटीनं राहणारी पंजाबी-बिहारी पोरं, त्यातला तोची. त्याला नुसता कागदांचा प्रश्नच नव्हे तर जात पण लपवावी लागते, आणि ती निघाली की आपलेच लोक त्याला बाहेर काढतात. अण्णा म्हणला हे मी मांडतो. पुस्तक एकच आहे, मॅडमकडं, आणि झेरॉक्स काढायची नाही असं वकील साहेबांनी आधीच बजावलंय, त्यामुळं आळीपाळीनं वाचायचं. पहिला नंबर तात्यांचा लागलाय, इंग्रजी येत नाही तरी. नात वाचून दाखवणारे म्हणे.